उंच गाडी कोणाला पाहिजे?

मागच्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नात जेवायला बसलो होतो. शेजारी आमचे दाजी, आणि समोर पुतण्या वाढत होता. दाजींनी बुंदीचा घास तोंडात टाकला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मास्तर, या पोराले जरा समजवा. शेती करनाऱ्या पोराले एवढी उच्ची गाडी कायले पाह्यजे? ढोरं वळाचे हायेत का रेस खेळाची हाय?"

पंगत हसली. पुतण्या मान खाली घालून बादली घेऊन पुढे गेला. मीही हसलो. नंतर रात्री झोप येईना तेव्हा लक्षात आलं की आपण हसायला नको होतं. तिथे बोललो नाही ते इथे लिहितो. दाजी हे वाचतील, त्यांचा मुलगा त्यांना वाचून दाखवतो. रागावतील, पण आमच्या नात्याला एवढ्याने काही होत नाही.

तर मंडळी, भानगड अशी. पुतण्याला एक्सपल्स घ्यायची आहे. हीरो कंपनीची २०१९ साली आलेली दोनशे सीसीची गाडी. इंग्रजीत हिला ड्युअल पर्पज म्हणतात, आपण दोन्ही कामाची म्हणू. डांबरावरही चालावी आणि मातीतही चालावी म्हणून बनवलेली. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची, दोन्हींना तारा. इंजिनाखाली जमिनीपासून २२० मिलिमीटर मोकळी जागा. पुढचं मडगार्ड चाकाला चिकटलेलं नाही, वर उचललेलं, चोच काढल्यासारखं. बघणाऱ्याला वाटतं पोरगं सर्कशीत चाललंय. त्यात पुतण्या तीस वर्षांचा, बिनलग्नाचा, आणि शेती करणारा. (शेती करणाऱ्या मुलाला आज मुलगी मिळत नाही हे मी नव्याने सांगायला नको.) त्यामुळे "गाडी पोरी पाहाले घेतो काय" हा शेरा आपसूकच येतो.

मी काही मेकॅनिक नाही. चौतीस वर्षं मराठी आणि भूगोल शिकवला. पण १९७९ पासून याच मातीत गाड्या ढकलतोय, आणि गाडी ढकलणाऱ्याला गाडीबद्दल जे कळतं ते चालवणाऱ्याला कळत नाही.

पहिली गाडी राजदूत, १७५, सेकंडहँड. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची. मूळ गाडी पोलंडची, एसएचएल नावाची. आपल्याकडे येऊन ती दूधवाल्यांची आणि मास्तरांची गाडी झाली. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून टाकायचं, किक मारताना पाय सांभाळायचा, नाहीतर ती उलटी किक मारायची. पहिल्याच पावसाळ्यात तिने मला धडा शिकवला. केनवडपासून माझी शाळा सात किलोमीटर, त्यातला शेवटचा दोन किलोमीटर कच्चा. मृगाचा पाऊस पडला, मी निघालो, आणि शाळा अर्ध्या किलोमीटरवर दिसत असताना पुढचं चाक फिरायचं थांबलं. इंजिन चालू, क्लच ठीक, मागचं चाक जागच्या जागी फिरतंय आणि पुढचं जाम. मडगार्ड आणि टायर यांच्या मध्ये माती ठासून बसली होती, विटेसारखी. आमच्याकडे त्याला गारा म्हणतात. शेजारच्या शेतातली पऱ्हाटीची काडी घेऊन मी ती खरवडायला बसलो. पंधरा मिनिटं. वीस पावलं गेलो, पुन्हा जाम. शेवटी गाडी बाभळीखाली लावली आणि वहाणा हातात घेऊन शाळा गाठली. पांढरा सदरा होता. मुलांनी त्या दिवशी "मृदेचे प्रकार" हा पाठ आनंदाने ऐकला.

पुढच्या वर्षीपासून मी जून लागला की पुढचं मडगार्ड खोलून ठेवायचो. मग चिखल थेट तोंडावर यायचा. पण चाक फिरायचं.

आता भूगोलाच्या मास्तराची सवय म्हणून सांगतो. आपली ही काळी कपाशीची माती म्हणजे बेसॉल्ट खडकाची झीज होऊन झालेली. तिच्यात जी चिकणमाती असते ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती पायाला धरली की सोडत नाही. लाल मातीत, मुरमात, वाळूत गाडी घसरते. काळ्या मातीत गाडी घसरतेच, शिवाय माती तिला पकडून ठेवते. कोकणातल्या माणसाला हे सांगून पटत नाही आणि लडाखला जाऊन आलेल्याला तर नाहीच.

म्हणून दाजी, ते चोचीसारखं वर उचललेलं मडगार्ड फॅशन नव्हे. टायर आणि मडगार्ड यांच्यात वीतभर जागा आहे, तिथून गारा गळून पडतो. मी १९८० साली पाना घेऊन जे करत होतो तेच कंपनीने कारखान्यात करून दिलं आहे, एवढंच. त्याला छोटं रबरी खालचं मडगार्ड जोडलं की तोंडावरही कमी उडतो.

आता जे पंगतीत बोललो नाही ते.

२०१२ चा जुलै. माझा धाकटा भाऊ, म्हणजे या पुतण्याचा बाप, धुऱ्यावरचं गवत कापत होता. पायाला घोणस चावली. सोबत हाच पोरगा, तेव्हा सोळा वर्षांचा. शेत ते डांबर दीड किलोमीटर पांदण. आदल्या रात्री पाऊस झालेला. घरची शंभर सीसीची गाडी होती (कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांकडे तशाच होत्या आणि तिचा दोष नव्हता, ती डांबरासाठी बनवलेली). पोराने बापाला मागे बसवलं, उपरण्याने आपल्या कमरेला बांधलं आणि निघाला. दोनशे पावलांत पुढचं चाक जाम. उतरला, काडीने खरवडलं, पुन्हा निघाला. पुन्हा जाम. तिसऱ्यांदा गाडी आडवी पडली, बाप खाली, गाडी पायावर. तोपर्यंत भावाच्या पायाला चढलेली सूज गुडघ्यापर्यंत आली होती. पोरगा गाडी तिथेच टाकून शेजारच्या शेतात धावला, तिथल्या लोकांनी बाज आणली आणि चौघांनी खांद्यावर त्याला डांबरापर्यंत नेलं. दीड किलोमीटरला जवळपास तास गेला. पुढे जीप मिळाली, अकोल्याला नेलं, औषध मिळालं. भाऊ वाचला. काही दिवस डायलिसिसवर होता, पायाची दोन बोटं काढावी लागली. आजही लंगडतो.

चौदा वर्षं होत आली. पुतण्याने या गोष्टीचा कधी उल्लेख केलेला मी ऐकला नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, "तुला हीच गाडी का पाहिजे?" तो म्हणाला, "मोठे बाबा, तिचं मडगार्ड वर हाय." एवढंच. मग उठून बैलांना पाणी दाखवायला गेला.

आता सांगा दाजी, रेस कोण खेळतंय?

पण माझं भांडण एकट्या दाजींशी असतं तर मी फोनवरच मिटवलं असतं. खरं भांडण गाड्या बनवणाऱ्यांशी, विकणाऱ्यांशी आणि त्यांची परीक्षा घेणाऱ्या मंडळींशी आहे. दाजी असं का बोलले? कारण त्यांनी या गाडीची जाहिरात पाहिली आहे. जाहिरातीत बर्फाचे डोंगर असतात, नदीतून पाणी उडवत जाणारा पोरगा असतो, त्याच्या अंगावर चिलखत असतं. त्यात कडब्याची पेंढी कुठे आहे? दुधाची कॅन कुठे आहे? मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर भाकरीचं टोपलं धरलेली बाई कुठे आहे? भारतात अर्धा रस्ता डांबराचा आणि अर्धा मातीचा असा प्रवास रोज करणारी माणसं कोण? शेतकरी, दूधवाला, लाईनमन, पोस्टमन, वस्तीशाळेचा मास्तर, आशाताई. वर्षातून एकदा सुट्टी काढून लडाखला जाणाऱ्यापेक्षा यांची संख्या कितीतरी जास्त असणार. आणि दोन्ही कामाची गाडी मात्र त्या सुट्टीवाल्याच्या नावाने विकली जाते. आमचं रोजचं जाणं-येणं त्यांच्या भाषेत ॲडव्हेंचर!

याला इतिहास आहे. २०११ साली हीरोनेच इम्पल्स नावाची गाडी आणली होती. दीडशे सीसी, वजन १३४ किलो, खाली २४५ मिलिमीटर जागा. परवडणारी, खरीखुरी दोन्ही कामाची म्हणावी अशी आपल्याकडची ती पहिलीच. तिचं मूळ ब्राझीलमध्ये. तिथे होंडाची एनएक्सआर ब्रॉस नावाची गाडी खेड्यापाड्यांतल्या कच्च्या रस्त्यांवर धावते, आणि आजही १६० सीसीच्या रूपात तिथे जोरात विकली जाते. तिथे ती कामाची गाडी आहे. शेतमजूर वापरतो, मास्तर वापरतो. तीच गाडी इकडे आली आणि शहरातल्या पोरांना साहसाची म्हणून दाखवली गेली. पोरांनी विचारलं, पळते किती? म्हणाले, फार नाही, तेरा हॉर्सपॉवर. पोरं म्हणाली, मग कशाला? आणि ज्याला तेरा हॉर्सपॉवर भरपूर होती त्या माणसाला कोणी दाखवलीच नाही. तो समजला, ही शहरी पोरांची गाडी. काही वर्षांत बंद झाली. केनवडमध्ये मी एकही पाहिली नाही.

त्याच वर्षी, २०११ लाच, बजाजने बॉक्सर १५० आणली. ती मात्र खेड्यासाठी म्हणूनच आणली होती. दणकट, जाड, लांब सीट. तीही आपल्याकडे चालली नाही. आणि हीच बॉक्सर आफ्रिकेत गेली तर युगांडात, नायजेरियात तिच्यावर लाखो लोकांचं पोट चालतं. तिथले बोडा-बोडावाले लाल मातीच्या रस्त्यांवर तिच्यावर दोन-दोन माणसं आणि केळीचे घड नेतात. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून आपल्यापासून चार तासांवर आहे. मराठी माणसाच्या घामाची गाडी युगांडाच्या मातीत चालते आणि आमच्या पांदणीसाठी गाडी नाही! (बॉक्सर आमच्या काळ्या मातीत चालली असती का? मडगार्ड खालीच होतं, तेव्हा जुलैत नसतीच चालली. पण निदान ओझं तरी वाहिलं असतं.)

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे तर शेतकऱ्यासाठी वेगळी मोटरसायकल बनवतात हे मला नातवाने दाखवलं तेव्हा मी चाटच पडलो. यामाहाची एजी २०० म्हणून आहे. एजी म्हणजे ॲग्रिकल्चर. तिला पुढे कॅरियर, मागे कॅरियर. चेन पूर्ण झाकलेली, म्हणजे माती-वाळू लागून झिजत नाही. साइड स्टँड दोन, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, कारण शेतातली जमीन कधी इकडे उतरती असते कधी तिकडे. आणि क्लच दाबून अडकवून ठेवायची कळ, म्हणजे गाडी चालू ठेवून खाली उतरून कुंपणाचं फाटक उघडता यावं. बघा, किती विचार केलाय! कोणीतरी इंजिनिअर एखाद्या मेंढपाळामागे आठ दिवस फिरला असेल त्याशिवाय हे सुचत नाही. आमच्या कुठल्या इंजिनिअरने आमच्या पांदणीत आठ दिवस काढले?

म्हणून जे आहे त्यातून निवडायचं. तेही नीट निवडू दिलं जात नाही.

गेल्या आठवड्यात मी आणि पुतण्या शोरूमला गेलो. मी खिशात शिंप्याचा टेप नेला होता. तिथला पोरगा मला "काका, टॉर्क" वगैरे सांगू लागला. मी म्हटलं, बाबा, तू थांब, मला आधी सीट मोजू दे. स्प्लेंडरची सीट जमिनीपासून ७८५ मिलिमीटर. एक्सपल्सची ८२५. फरक चार सेंटीमीटर, म्हणजे दीड इंच. ऐकायला काहीच नाही. पण मी साडेपाच फुटाच्या आत. स्प्लेंडरवर माझे दोन्ही तळवे टेकतात, यावर बोटं टेकतात. डांबरावर बोटं पुरतात, चिखलात पुरत नाहीत. चिखलात माणूस गाडी अर्धी पायाने चालवतो, दोन्हीकडे पाय मारत. पुतण्या उंच आहे, त्याला अडचण नाही. पण आपल्या घरी गाडी एकट्याची नसते. भाऊ चालवणार, गडी चालवणार, कधी मी. आणि याच गाडीची प्रो नावाची एक आवृत्ती २०२३ साली आली, तिची सीट ८९१! त्यावर चढायला ओटा लागेल. मासिकांत आणि व्हिडिओंत मात्र तिचंच कौतुक.

उपाय आहे, पण तो शोरूमवाला सांगत नाही. सीटचा फोम कापून घेता येतो. आपल्याकडचा कुशनवाला एका दुपारी करून देतो. इंचभर तरी उतरते. बसायला थोडी कडक होते, ते सोसायचं.

मग वजन. यावर मी सगळ्यात जास्त भांडेन. गाडीची परीक्षा घेणारे जम्प मारून बघतात, शॉकअप किती दबले ते सांगतात. चिखलात पडलेली गाडी एकट्या माणसाने उचलून बघितली आहे का कोणी? स्प्लेंडर ११२ किलो. एक्सपल्स २०० साधारण १६० किलो. २०२५ च्या सुरुवातीला आलेली २१० त्याहून जड. एन्फिल्डची हिमालयन दोनशे किलोच्या आसपास. म्हणजे पोत्याच्या हिशेबात सांगायचं तर स्प्लेंडर आणि एक्सपल्स यांच्यात सोयाबीनचं जवळजवळ एक पोतं, आणि हिमालयन म्हणजे दीड-पावणेदोन पोती जास्त. हिमालयन चांगली गाडी असेल, मला तिच्याबद्दल काही म्हणायचं नाही, पण पांदणीत रुतली तर तिला बैल जुंपावे लागतील. चिखलात हलकी गाडी हीच चांगली गाडी. टीव्हीएसची ती एक्सेल बघा, नव्वद किलोच्या आतबाहेर. शंभर सीसीची झाली तरी लोक तिला अजून लुना म्हणतात. तिच्यावर आमच्याकडे दोन पोती आणि वर माणूस जातो. तिला कोणी साहसाची गाडी म्हणत नाही, पण पुतण्याच्या बापाला विचारा, रुतल्यावर एका हाताने ओढून काढतो. तिचं चाक लहान म्हणून खड्ड्यात आपटते, आणि डांबरावर अकोल्यापर्यंत जायचं तर जीव जातो. सगळं एकात मिळत नाही.

आणि आणखी एक गोष्ट, हिच्यावर नातवाशीही वाजलं. बटन टायर. त्याचं म्हणणं, बटन टायर घातले की कुठेही जाते. मी म्हटलं, बाबा, मुरमात जाईल, गिट्टीत जाईल, आमच्या गाऱ्यात ती बटणं पहिल्या पन्नास फुटांत भरतात आणि टायर रुळासारखा गुळगुळीत होतो. ज्या दिवशी वाफसा नाही त्या दिवशी कुठलीही दोनचाकी काळ्या शेतात घालू नये, एक्सपल्सही नाही. ती पांदणीपुरती. जिथे चाकोरीत मुरूम पडला आहे आणि मध्ये मध्ये चिखलाचे दहा-दहा फूट आहेत, तिथे ती निघून जाते आणि साधी गाडी अडकते. हा फरक. थोडाच आहे, पण २०१२ साली तेवढाच कमी पडला होता.

मागे बसणाऱ्याबद्दल तर कोणी बोलतच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि चाकावर जाळी असली पाहिजे असं लिहिलेलं आहे. साडी चाकात जाऊ नये म्हणून. आणि या गाड्या घेणारे शहाणे पहिलं काम काय करतात? ती जाळी खोलून फेकतात. दोन किलो वजन कमी होतं म्हणे! माझी भावजय पाच फुटाची. तिने शोरूममध्ये (हो, तिला मुद्दाम नेली होती, पुतण्या लाजत होता) मागच्या सीटवर बसून पाहिलं. पहिल्यांदा चढताच आलं नाही. मग पोराने गाडी वाकवली, तेव्हा बसली. म्हणाली, "बैलगाडीवानी उच्ची हाय, पन दिसते लय दूरवर." जाळी ठेवायची, आणि पाय ठेवायला एक रुंद पट्टी वेल्डिंगवाल्याकडून लावून घ्यायची असं ठरलं आहे.

आता पैसा. शेवटी सगळं तिथेच अडतं. नवी एक्सपल्स रस्त्यावर येईपर्यंत दीड लाखाच्या पुढे जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, थोडा दिलासा मिळाला, ते मान्य. पण दीड लाख म्हणजे किती सोयाबीन? २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये. त्या भावाने अठ्ठावीस क्विंटल. आणि बाजारात व्यापाऱ्याने हमीभावाच्या खालीच घेतलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. एकरी सहा-सात क्विंटल धरले तर चार-साडेचार एकरांचं सगळं उत्पन्न, बियाणं-खत-फवारणी-मजुरी काही न वजा करता. याला परवडणारी गाडी म्हणायचं? शहरात तिला स्वस्त म्हणतात. महिन्याच्या हप्त्यात सांगितलं की सगळंच स्वस्त वाटतं, पण आमच्या घरात पैसा महिन्याला येत नाही, वर्षातून एकदा येतो. तेव्हा हप्त्याच्या भानगडीत पडायचं नाही असं मी पुतण्याला स्पष्ट सांगितलं.

म्हणून माझं मत सेकंडहँडचं. आणि यात एक गंमत आहे. शहरातल्या ज्या पोरांनी जाहिरात पाहून ही गाडी घेतली, त्यातल्या पुष्कळांनी ती ऑफिस आणि कॅफे यांच्या मध्येच चालवली. तीन-चार वर्षांनी कंटाळून विकतात. साहसाच्या नावाने शहरात विकलेली गाडी अशी अर्ध्या-पाऊण किमतीत शेतात येते. (कंपनीच्या जाहिरातीचा आम्हाला झालेला हा एकच उपयोग.) बघताना इंजिनाखालचा पत्रा वाकून बघायचा. त्यावर आदळल्याचे घाव असतील तर मालक खरोखर दगडधोंड्यांत गेलेला आहे, भाव पाडून मागायचा. कोरा असेल तर कॅफेवाला. पुढच्या शॉकअपमधून ऑईल गळतं का, हँडल फिरवताना मध्येच अडकतं का म्हणजे कोनसेट गेला आहे का, तारा ढिल्या आहेत का, रिंगला वाक आहे का, चेन-स्प्रॉकेटचे दात झिजून टोकदार झालेत का. आणि आरसी बुकावर कर्जाचा बोजा आहे का, असल्यास बँकेची एनओसी. हे शेवटचं आधी बघायचं, नाहीतर गाडी घरी आणून हप्ता दुसऱ्याचा भरावा लागतो.

शिवाय दुरुस्ती. स्प्लेंडर पानठेल्यावरही दुरुस्त होते असं गमतीने म्हणतात. या गाडीला ते नाही. पण इंजिन हीरोचं, हीरोचा माणूस रिसोडलाही आहे आणि मालेगावलाही. केनवडला बसून ज्या गाडीचा क्लच वायर संध्याकाळपर्यंत मिळत नाही ती गाडी घेऊ नये, मग ती कितीही दोन्ही कामाची असो. परदेशी नावाच्या गाड्या मी यादीतून एवढ्यासाठीच काढल्या.

काही जण म्हणतील, मास्तर, गाडी कशाला बदलता, रस्ता मागा. मागतोच आहोत! २०२१ साली सरकारने मातोश्रींच्या नावाने शेत-पाणंद रस्त्यांची योजना काढली. काही पांदणींवर मुरूम पडला, काहींवर अतिक्रमणाचे वाद पडले, आमची दुसऱ्या प्रकारात. आणि आपल्याच जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटर, २०२२ च्या डिसेंबरात पहिला टप्पा आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा सुरू झाला. मी नातवाच्या कारमधून गेलोय, पोटातलं पाणी हलत नाही. पण त्यावर दोनचाकीला बंदी आहे. सुरक्षेसाठी ते बरोबरच असेल, मी वाद घालत नाही. फक्त एवढंच बघा, की ज्याच्याकडे दोनच चाकं आहेत त्याच्यासाठी जिल्ह्यातला सगळ्यात चांगला रस्ता बंद आणि सगळ्यात वाईट रस्ता कायम उघडा. आणि पांदण उद्या पक्की झाली तरी पांदणीपासून विहिरीपर्यंतचा शेवटचा टप्पा मातीचाच राहणार. तिथे कोणी डांबर टाकणार नाही, टाकूही नये, ती शेतजमीन आहे.

तेव्हा ठरलं आहे असं. येत्या रविवारी अकोल्याला २०२१ ची एक एक्सपल्स बघायला जातोय, मालक बँकेतला मुलगा आहे, फोटोत इंजिनाखालचा पत्रा कोरा दिसतो. ऐंशी हजारांच्या वर जायचं नाही असं पुतण्याने ठरवलंय, मी पंच्याऐंशीपर्यंत मनाची तयारी केली आहे, त्याला सांगितलेलं नाही. टेप सोबत घेतोय. जमलं तर फोम कापणं, पट्टी, मागे कॅरियर हे सगळं मृगाच्या आधी उरकायचं.

आणि दाजी, तुम्ही आषाढात येणारच आहात ताईला घेऊन. एक दिवस आधी कळवा. पाऊस पडून गेला की पुतण्या तुम्हाला मागे बसवून शेतात नेईल. धोतर जरा वर खोचून बसा. काडी मी घेऊन ठेवतो, लागली तर.